लिनियाला ४×१०० ची हलकी व्हील्स: दहा महिने, ११,४०० किलोमीटर

गाडी २०१२ ची फियाट लिनिया, १.३ मल्टिजेट (डिझेल). राहायला मुलुंडला, ऑफिस अंधेरीला, म्हणजे रोजचा जेव्हीएलआर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड). गेल्या नोव्हेंबरात जुनी अलॉय (मिश्रधातूची व्हील्स) काढून फ्लो-फॉर्म्ड, म्हणजे कडा दाबून-ताणून पातळ आणि हलकी केलेली, व्हील्स बसवली. पूर्ण पावसाळा काढल्याशिवाय काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून आता लिहितोय.

लिनियाचा पीसीडी ४×९८. चारही बोल्टच्या मध्यांतून वर्तुळ काढलं तर त्याचा व्यास ९८ मिलिमीटर. बाजारात चार बोल्टची व्हील्स शोधायला गेलात की समोर येतात ती बहुतेक ४×१००, कारण मारुती स्विफ्ट, होंडा सिटी, जाझ सगळ्या त्याच मापाच्या. ९८ हे फियाटच्या घराण्याचं जुनं माप. फियाट १२४ वरून बेतलेल्या रशियन लाडालाही तेच. आपल्याकडे फियाटची विक्री बंद होऊन काही वर्षं झाली, त्यामुळे ४×९८ मध्ये हलकं व्हील मिळणं जवळजवळ अशक्य. मी आठ महिने शोधलं. शेवटी एकाने गाडी विकताना काढून ठेवलेला ४×१०० चा १५ इंची सेट ३२,००० ला मिळाला. सोसायटीच्या रद्दीवाल्याच्या काट्यावर वजन केलं: जुनं व्हील ८.४ किलो, नवं ६.३. चार व्हील्सचे मिळून ८.४ किलो कमी, आणि तेही सस्पेन्शनच्या खालचे, फिरणारे. हे वजन खड्ड्यात स्प्रिंगवर तोललं जात नाही, चाकाबरोबर स्वतःच उसळतं. म्हणून तिथला एकेक किलो महत्त्वाचा.

कुर्ल्याला सीएसटी रोडवरच्या एका दुकानात बसवून घेतली. (याच कुर्ल्यात प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली जुनी फियाट, बनायची. फियाटचं काम इथे करून घेताना मला आतून बरं वाटत होतं.) मिस्त्रीने कंपनीचेच बोल्ट लावले. मी पीसीडीचं विचारल्यावर म्हणाला, "साहेब, दोन एमएमने काय होतंय? बसतंय ना!" बसलं होतं खरं. पण ऐंशीच्या पुढे स्टीअरिंग थरथरायला लागलं. बॅलन्सिंग दोनदा केलं, फरक शून्य.

चौथ्या दिवशी घरी जॅक लावून पुढचं डावं चाक उतरवलं. बोल्ट जिथे टेकतो ती व्हीलमधली शंकूच्या आकाराची बैठक टॉर्चच्या उजेडात पाहिली. बोल्ट नीट बसला असेल तर तिथे पूर्ण गोल चकचकीत कडं उमटायला हवं. माझ्या तीन भोकांत फक्त चंद्रकोर उमटली होती, एका बाजूला, नखाएवढी. बाकीच्या बैठकीवर रंग जसाच्या तसा. म्हणजे बोल्ट एका अंगावर रेलून उभे होते आणि सगळा ताण त्या कोरेवर येत होता. व्यासात दोन मिलिमीटर म्हणजे प्रत्येक बोल्टला एक मिलिमीटर तिरकी ओढ. असा बोल्ट हळूहळू सैल होतो, किंवा दर फेरीला थोडा थोडा वाकत शेवटी तुटतो. त्या चाकावर मी चार दिवस बायको-मुलाला घेऊन फिरलो होतो. त्या रात्री झोप लागली नाही.

यावर उपाय वॉबल बोल्ट. त्याचा दांडा आणि डोकं एकसंध असतं, पण शंकूच्या आकाराची कॉलर सुटी असते आणि जरा बाजूला सरकते. कॉलर व्हीलच्या बैठकीत नीट बसते, दांडा सरळ हबमध्ये (गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं त्यात) जातो. १६ बोल्टचे ३,२०० रुपये पडले. मात्र एकटा बोल्ट पुरत नाही. कॉलर सरकणारी असल्यामुळे चाक मध्यावर आणायचं काम बोल्ट करूच शकत नाही, ते हबच्या उंचवट्याने करायचं असतं. लिनियाच्या हबच्या उंचवट्याचा व्यास ५८.१ मिलिमीटर, माझ्या व्हीलचं मधलं भोक ७३.१. मधल्या जागेत ॲल्युमिनियमच्या रिंगा बसवल्या. प्लॅस्टिकच्या मिळतात, स्वस्त असतात, पण उतारावर ब्रेक तापले की त्यांच्यावर माझा भरवसा नाही. कुणी सिटी किंवा जाझचं कंपनीचं व्हील घ्यायच्या विचारात असेल तर थांबा: त्यांचं मधलं भोक ५६.१, आपल्या हबवर ते चढणारच नाही. स्विफ्टचं ५४.१, म्हणजे आणखी लहान.

दुसरी गोष्ट लांबीची. फियाटला स्टड (हबवर कायम बसवलेले आट्यांचे दांडे) आणि नट नसतात, बोल्ट थेट हबमध्ये जातो. बोल्ट १२ मिलिमीटर जाडीचा, आटे १.२५ चे, म्हणजे दर फेऱ्याला १.२५ मिलिमीटर आत. निदान जाडीइतका तरी आत शिरायला हवा, म्हणजे साधारण साडेनऊ फेरे. हाताने फिरवत मोजा. दुकानात लावलेले माझे बोल्ट सहा फेऱ्यांतच घट्ट होत होते, कारण नवं व्हील बोल्टपाशी जास्त जाड आहे. म्हणून वॉबल बोल्ट लांब घेतले. उलट फार लांब घेतले तर मागे ब्रेकच्या भागांना टेकतात.

हे सगळं केल्यावर थरथर गेली. अटल सेतूवर शंभरला गाडी नेली, स्टीअरिंगवर दोन बोटं ठेवून २१.८ किलोमीटर, एकदाही कंप नाही. खरा फरक मात्र जेव्हीएलआरवर कळतो. उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवरून जाताना पूर्वी धाड-धाड असा दुहेरी दणका यायचा, आता एकच येतो आणि चाक पटकन खाली येऊन रस्ता धरतं. सिग्नलवरून उचल थोडी मोकळी वाटते. मायलेजमध्ये फरक पडला असं मी म्हणणार नाही. टायरचं माप तेच ठेवलंय, १९५/६० आर १५, आणि आकडेही तेच येतात.

आता जुलैतली ती रात्र. ईस्टर्न एक्स्प्रेसवर कांजूरमार्गजवळ पाण्याखालचा खड्डा दिसला नाही, टायरची बाजूची भिंत फाटली. स्टेपनी कंपनीची, स्टीलची. स्टीलचं व्हील पातळ, त्यामुळे हे लांब वॉबल बोल्ट त्यात फार आत जातात. तिला कंपनीचेच बोल्ट हवेत, आणि ते मुलुंडला घरी कपाटात. पंक्चरवाला म्हणाला, "हेच लावू की साहेब, घरी जाईपर्यंत." मी नाही म्हटलं. धाकटा भाऊ स्कूटरवर बोल्ट घेऊन येईपर्यंत सव्वा तास पावसात उभा होतो. तेव्हापासून जुने चार बोल्ट कापडी पिशवीत गुंडाळून स्टेपनीच्याच खोबणीत ठेवलेत.

इम्पॅक्ट गन (दणके देत बोल्ट आवळणारं यंत्र) तर कुणालाही लावू देत नाही. सुट्या कॉलरचं वाटोळं होतं. टॉर्क रेंच, म्हणजे ठरावीक जोर लागला की कळवणारा पाना, घेतला. चाक काढून परत लावलं की मॅन्युअलमधल्या टॉर्कने घट्ट करायचं, ५० किलोमीटरनंतर पुन्हा तपासायचं, मग ५०० नंतर. ऑगस्टमध्ये मागची रिंग हबला इतकी चिकटली होती की लाकडी ठोकळ्याने ठोकून काढावी लागली. लोखंड आणि ॲल्युमिनियममध्ये ओल शिरून पांढरी भुकटी धरली होती. आता हबच्या उंचवट्यावर अँटी-सीझ (धातू एकमेकांना चिकटू न देणारी पेस्ट) अगदी पातळ लावतो. बोल्टच्या आट्यांवर किंवा कॉलरवर कधीच नाही, कारण तिथे घर्षण बदललं की टॉर्कचा आकडा खोटा ठरतो.

हब आणि व्हीलच्या मध्ये बसवून माप बदलून देणाऱ्या ॲडॅप्टर प्लेटही पाहिल्या होत्या. २० मिलिमीटर जाडीची प्लेट चाक बाहेर ढकलते, बेअरिंगवर ताण वाढवते आणि वाचवलेलं वजन परत घालते. व्हीलमधली जुनी बोल्टची भोकं भरून नवी पाडून देणारेही भेटले. त्यांच्याकडून चहासुद्धा न घेता निघालो. विमा कंपनीला लेखी कळवून पॉलिसीत नोंद करून घेतली आहे.

गाडी व्हॅले पार्किंगला देत नाही, सर्व्हिसला चाकं काढणार असतील तर स्वतः समोर उभा राहतो. एवढं ज्यांना जमणार असेल त्यांनीच हे करावं. चालवायला मजा येते, रोज येते. तरीही ४×९८ चा हलका सेट कुणाकडे पडून असेल तर सांगा, मी उद्याच ही व्हील्स उतरवून तो घेईन.