पोलरायझर फिल्टर आणि हिमालयातला हिवाळा: पाच महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या ऑक्टोबरमध्ये मी ७७ मिलिमीटरचा सर्क्युलर पोलरायझर घेतला, म्हणजे विशिष्ट दिशेने कंप पावणारा प्रकाश अडवणारा, लेन्सवर बसवून फिरवता येणारा फिल्टर. डिसेंबरमध्ये उत्तराखंडातील मुन्सियारी आणि फेब्रुवारीत स्पिती अशा दोन प्रवासांत, शिवाय मधल्या काळात सह्याद्रीत, तो जवळजवळ रोज लेन्सवर होता. पुढे लिहिलेल्या बहुतेक गोष्टी कोणत्याही चांगल्या पोलरायझरला लागू पडतात, त्यामुळे कंपनीचे नाव देत नाही. फिल्टर घेतला तो बर्फाच्छादित शिखरांमागचे आकाश गडद निळे यावे म्हणून. परंतु पाच महिन्यांनंतर माझे मत असे झाले आहे की, उंच पर्वतांत हिवाळ्यात याची सर्वांत कमी गरज आकाशालाच असते आणि त्याचे खरे मोल जमिनीकडे पाहताना कळते.

आकाशातील प्रकाशाचे ध्रुवीकरण (प्रकाशलहरींचे एकाच दिशेने कंप पावणे) सूर्यापासून ९० अंशांवर सर्वाधिक असते. तर्जनी सूर्याकडे रोखावी, अंगठा काटकोनात ताणावा आणि मनगट फिरवावे. अंगठा ज्या पट्ट्यावरून फिरतो तिथे फिल्टरचा परिणाम सर्वांत तीव्र दिसतो. स्पितीतले किब्बर गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ४,२०० मीटरवर आहे. तिथली हवा इतकी विरळ आणि कोरडी असते की, नुसत्या डोळ्यांनाही आकाश गर्द दिसते. अशा ठिकाणी मी पहिल्या दिवशी फिल्टरचे फिरते कडे पूर्ण परिणामापर्यंत फिरवून फोटो काढले आणि रात्री मोठ्या पडद्यावर पाहिले, तेव्हा आकाश जवळजवळ काळे झालेले होते. त्यातच १६ मिलिमीटरच्या वाइड लेन्सवर आकाशाचा एक भाग काळपट आणि दुसरा फिकट असा डाग पडला, जो नंतर संगणकावर बसून नीट निघत नाही. तेव्हापासून मी कडे पूर्ण परिणामाच्या निम्म्यावरच थांबवतो, आणि २४ मिलिमीटरपेक्षा रुंद दृश्य असेल व त्यात आकाश मोठे असेल, तर फिल्टर सरळ काढून ठेवतो.

मुन्सियारीत तर वेगळाच धडा मिळाला. पंचचुलीची पाच शिखरे गावाच्या ईशान्येला आहेत आणि त्यांतले सर्वांत उंच ६,९०४ मीटरचे आहे. डिसेंबरात सूर्य नैर्ऋत्येच्या बाजूला मावळतो, म्हणजे शिखरांवर तांबूस प्रकाश पडतो तेव्हा तो आपल्या बरोबर पाठीशी असतो. सूर्य समोर असो वा पाठीशी, या दोन्ही दिशांना पोलरायझर आकाशावर काहीही करत नाही. मात्र दीड स्टॉप प्रकाश खातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा होणे). त्या संध्याकाळी शटरचा वेग १/३० सेकंदावरून १/१० वर आला, वाऱ्याने ट्रायपॉड थरथरत होता, आणि टेलिफोटोवर (दूरचे जवळ आणणाऱ्या लेन्सवर) काढलेल्या फोटोंत शिखरांच्या कडा धूसर आल्या. दुसऱ्या संध्याकाळी फिल्टर खिशात ठेवला आणि तीच शिखरे रेखीव आली.

आता ज्या कामासाठी हा फिल्टर मी कायम बाळगणार आहे, त्याविषयी. हिवाळ्यात कुंझुम खिंड बंद असल्याने स्पितीत किन्नौरच्या बाजूनेच जावे लागते आणि रस्ता बराच वेळ नदीच्या सोबतीने जातो. काझाजवळ नदीकाठी गोठलेल्या पाण्यावर मी गुडघे टेकून बसलो होतो. कॅमेऱ्यातून फक्त आकाशाचे पांढरट प्रतिबिंब दिसत होते. कडे हळूहळू फिरवू लागलो तसे ते प्रतिबिंब विरघळत गेले आणि खाली नाण्यांच्या चवडीसारखे एकावर एक गोठलेले हवेचे बुडबुडे, त्यांच्याखाली करडे गोटे, बर्फात आडवी गेलेली एक बारीक भेग, असे सगळे वर आले. पृष्ठभागाशी साधारण ३५ ते ४० अंशांच्या कोनातून पाहिले, तर हा परिणाम सर्वांत चांगला मिळतो. उभ्याने सरळ खाली पाहिले, तर जवळजवळ मिळतच नाही. संगणकावरचे कोणतेही सॉफ्टवेअर हे काम करू शकत नाही, कारण चकाकीखाली झाकलेला तपशील मूळ फाइलमध्ये नोंदलेलाच नसतो.

भुसभुशीत बर्फावर मात्र सावध राहावे. ताज्या बर्फातून येणारा प्रकाश सर्व दिशांना विखुरलेला असतो, त्यामुळे त्याच्यावर फिल्टरचा फारसा परिणाम होत नाही. पण वाऱ्याने आणि उन्हाने वरचा थर कडक होऊन चकाकू लागतो, तेव्हा कडे पूर्ण फिरवल्यास ती चकाकी नाहीशी होते आणि उतार चुना फासलेल्या भिंतीसारखा निर्जीव दिसतो. सकाळच्या तिरप्या उन्हात बर्फावरच्या लाटा दिसतात त्या त्याच चकाकीमुळे, म्हणून अशा वेळी मी फिल्टर जवळजवळ शून्य परिणामावर ठेवतो.

फिल्टरमुळे कमी झालेला प्रकाश कॅमेरा स्वतः भरून काढतो. परंतु बर्फाचा पांढरेपणा तो भरून काढत नाही. कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर समोरचे सर्व काही मध्यम करडे असल्याचे गृहीत धरतो, त्यामुळे बर्फ मळकट येतो. दृश्यात बर्फ भरपूर असेल तर मी +१ ते +१.७ स्टॉप इतकी भरपाई देतो, म्हणजे मीटर सांगतो त्याहून जास्त प्रकाश घेतो, आणि हिस्टोग्राम (फोटोतल्या गडद ते उजळ भागांचा आलेख) उजव्या टोकाला न टेकता त्याच्या जवळ आहे ना, एवढेच पाहतो. भर उन्हात कॅमेऱ्याच्या पडद्यावर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही. व्हाइट बॅलन्स (कॅमेरा कोणता प्रकाश पांढरा धरतो ती सेटिंग) दिवसाच्या उजेडावर कायम ठेवतो, म्हणजे सावलीतला निळेपणा टिकतो. तो दोष नव्हे, सावलीवर खरोखरच निळ्या आकाशाचा प्रकाश पडलेला असतो.

थंडीतल्या हाताळणीबद्दल माझी एक गंभीर तक्रार आहे. उणे १५ अंशांच्या आसपास कडे इतके जड झाले की, ते फिरवताना संपूर्ण फिल्टरच लेन्सवर आणखी घट्ट बसला. अॅल्युमिनियमची चौकट हे त्यामागचे एक कारण असावे. पितळी चौकटी कमी अडकतात. शेवटी रबराचा जाड पट्टा त्याच्याभोवती गुंडाळून, जोर न लावता, सर्व बाजूंनी सारखा धरून फिरवल्यावर तो सुटला. बोटांनी आवळून धरले की चौकट दबते आणि तो अधिकच अडकतो. काचेवर श्वास लागला की क्षणात बर्फाचा पातळ थर बसतो, आणि तो पुसायला गेलो तर ओरखडे पडतात. कोरड्या ब्रशने झटकणे किंवा उन्हात थोडा वेळ ठेवणे एवढेच करावे. बुखारी (खोली गरम ठेवणारी शेगडी) पेटलेल्या खोलीत शिरण्यापूर्वी कॅमेरा फिल्टरसकट हवाबंद पिशवीत घालावा आणि दोनेक तास तसाच राहू द्यावा. माझ्या फिल्टरच्या दोन काचांमध्ये एकदा दव धरले ते हा नियम मोडल्यामुळेच, आणि ते सुकायला दुसरा दिवस उजाडला.

फिल्टरच्या कड्यावरची पांढरी खूण मार्चपर्यंत पुसली गेली. दुकानदाराने ती वॉरंटीत येत नसल्याचे सांगितले, तेव्हा तिच्या जागी लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला आहे. अंधूक उजेडात, जाड हातमोजे घातलेले असतानाही, फिल्टर किती फिरवला आहे ते त्यावरून पटकन दिसते, आणि मूळ खुणेपेक्षा तो जास्त टिकेल असे दिसते.