व्हॅम्पायर रोमान्स अॅनिमे: दमदार हिरोईन कोणती आणि नुसती मान पुढं करणारी कोणती

स्पॉयलर आहेत, आधीच सांगते. व्हॅम्पायर नाईट ही अॅनिमे म्हणजे जपानी कार्टून सिरीज 2008 ची आहे, आता त्यात काय लपवायचं.

मला व्हॅम्पायर नाईट आवडतं आणि त्यातल्या हिरोईनचा, युकीचा मला लई राग येतो, दोन्ही एकदम. आमच्या अशोक चौकातल्या मावसबहिणीला हे पटत नाही. तिनं सिरीज संपवल्या संपवल्या मला पहिला मेसेज काय केला तर "ताई, झीरो का कानामे?" म्हणजे युकीच्या दोन हिरोंपैकी कुठला, आणि तिच्या क्लासच्या ग्रुपवर पण तेच, अर्ध्या पोरी झीरोच्या अर्ध्या कानामेच्या, रात्री अकरापर्यंत भांडण चालू. मी म्हटलं बायांनो युकीला काय पाहिजे ते कुणी विचारलं का? कुणी नाही. कारण खुद्द सिरीज पण विचारत नाही, आणि माझी सगळी तक्रार तिथंच आहे.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. क्रॉस अॅकॅडमी म्हणून बोर्डिंग शाळा आहे, दिवसा साधी माणसं शिकतात आणि रात्री व्हॅम्पायर, दिवसवाल्यांना रात्रवाल्यांचं खरं माहीत नाही. युकी क्रॉस ही हेडमास्तरांनी सांभाळलेली मुलगी, तिचं आणि झीरोचं काम म्हणजे दोन्ही बॅचेसच्या मध्ये उभं राहून राखण करायची. मात्सुरी हिनोचा मंगा म्हणजे जपानी कॉमिक लाला मासिकात 2013 पर्यंत चालला, 19 खंड झाले, आणि अॅनिमे स्टुडिओ डीननं 2008 मध्ये केलं, एप्रिलमध्ये पहिले 13 एपिसोड आणि ऑक्टोबरपासून गिल्टी नावानं दुसरे 13. आमच्या घरात युनिफॉर्म शिवायचा धंदा आहे त्यामुळं माझं लक्ष आधी कपड्याकडंच जातंय, दिवसाची बॅच काळ्यात आणि रात्रीची पांढऱ्यात, वर काळी पट्टी, दिसायला एक नंबर आहे, पण रक्त पिणाऱ्या पोरांना पांढरा युनिफॉर्म कुठल्या ट्रस्टीनं पास केला काय माहीत. धुणार कोण ते.

तर पहिल्या सीझनमधली युकी वाईट नाहीच हो. संध्याकाळी गेटवर पोरींची झुंबड अडवते, ओरडते, पडते, परत उठते. हातात आर्टेमिस नावाची काठी आहे. झीरो स्वतः व्हॅम्पायर होत चाललाय हे कळल्यावर ती पळून जात नाही, उलट ती आपणहून त्याला रक्त देते, मानेवर पट्टी लावून कॉलर वर करून वर्गात बसते. तिच्या मनगटात एक ब्रेसलेट आणि झीरोच्या मानेवर खूण, दोन्ही जुळवलं की तो जागच्या जागी थांबतो, म्हणजे थांबवायची ताकद पण तिच्याकडंच आहे. तिला नको असेल तर "नाही" म्हणता येतं, आणि ती म्हणत नाही, हा तिचा निर्णय झाला. मला विचाराल तर सगळ्यात स्ट्राँग युकी हीच, जेव्हा ती साधी माणूस होती आणि तिला फारसं काही येत नव्हतं तेव्हाची.

मग येतं गिल्टी. कळतं की युकी मुळात प्युअरब्लड, म्हणजे व्हॅम्पायरमधली सगळ्यात वरच्या घराण्यातली, आईनं जीव देऊन तिची आठवण बंद केली आणि तिला माणूस बनवलं, आता कानामे चावतो आणि तिला परत व्हॅम्पायर करतो. वर तो भाऊ म्हणून कळतो आणि तोच नवरा होणार असतो, ते मी सोडून देते कारण त्यावर बोलायला बसलं तर भाकरी करपतील. माझा मुद्दा वेगळाय. आईला माहीत होतं, कानामेला माहीत होतं, हेडमास्तरला माहीत होतं. फक्त जिची गोष्ट आहे तिलाच माहीत नाही! आणि कळल्यावर तरी पोरगी कुणाची कॉलर धरेल की नाही, तर नाही, केस कमरेपर्यंत वाढतात आणि ती गॅलरीत उभी राहून उदास बघते. व्हिलन रिडोबरोबरच्या मारामारीत आर्टेमिसचा मोठा विळा होतो तेवढा सीन जबरदस्त आहे, पण रिडोचा शेवट झीरोच करतो, आणि मग ती कानामेबरोबर निघून जाते. ताकद शंभर पट वाढली आणि बाई होती त्याच्यापेक्षा कमी झाली. असं लिहायला पण डोकं लागतंय.

तरी सांगते बघा, एकदा तरी बघाच. शेवटचं गाणं गाणारी कानोन वाकेशिमा स्वतः चेलो वाजवते, त्या आवाजानं मे महिन्यातल्या 43 डिग्रीत पण अंगावर काटा येतो. हेडमास्तर अॅप्रन घालून स्वयंपाक करतो ते हसायला बरं पडतं. मधले दोन तीन एपिसोड रेंगाळतात, पात्रं नुसती एकमेकाकडं बघत उभी, वारा सुटलाय, गुलाब पडलाय, चहा टाकून आलात तरी चालेल.

आता डायबॉलिक लव्हर्स. ही सिरीज लावायची तर हेडफोन घाला आणि दार लावून घ्या, आमची आई नेमकी चादरीच्या घड्या करायला त्याच खोलीत आली आणि तीन मिनिटं बघून म्हणाली "काय बघलालीस ग हे, त्या पोरीला घरी फोन तरी करू द्या की." आईला मी काय सांगणार, त्या पोरीचा मोबाईल पहिल्याच एपिसोडला फोडलाय म्हणून. युई कोमोरी नावाची मुलगी एका बंगल्यात राहायला येते, तिथं सहा साकामाकी भाऊ, सगळे व्हॅम्पायर, सगळे एकापेक्षा एक आगाऊ, आणि 12 एपिसोड तेच चालतं, हा चावला की तो, तो चावला की हा. एपिसोड पंधरा मिनिटांचा आहे हीच त्यातली मोठी दया.

पण युईला शिव्या घालण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. हे मूळ 2012 चं पीएसपीवरचं, म्हणजे हातात धरून खेळायच्या मशीनवरचं गेम आहे, रेजेट कंपनीचं, आणि तसल्या गेममध्ये हिरोईन मुद्दाम कोरी ठेवतात म्हणजे खेळणारीला तिच्या जागी स्वतःला बसवता येतं. गेममध्ये निदान बटण तुमच्या हातात असतं, काय बोलायचं ते तुम्ही निवडता. अॅनिमे करताना ते बटण काढून टाकलं आणि कोरी पोरगी तशीच ठेवली. मग ती पळते, पकडतात, परत पळते, परत पकडतात, ती "नाही" शंभरदा म्हणते आणि एकदा पण गोष्ट त्यानं इकडची तिकडं होत नाही. नाजूक आहे म्हणून ती मला वीक वाटत नाही, तिच्या बोलण्याला लिहिणाऱ्यांनीच किंमत ठेवली नाही म्हणून वाटते. काही जणी म्हणतात फँटसी आहे, एवढं काय मनावर घेतेस. घ्या की मजा, कोण अडवलंय, पण रोमान्स म्हणून मला विकू नका.

नाजूक असण्याचं निघालंच म्हणून सांगते, आपल्याकडं सोलापुरात सिद्धरामेश्वरांच्या गड्डा जत्रेला दरवर्षी संक्रांतीच्या सुमारास नंदीध्वजांच्या अक्षता पडतात ते कशासाठी? ती कुंभाराची पोर रोज सिद्धरामेश्वरांच्या अंगणात सडा-रांगोळी करायची आणि सरळ म्हणाली मला तुमच्याशीच लग्न करायचंय, ते योगी, लग्न करणार नव्हते, तरी तिचा हट्ट बघून त्यांनी आपल्या योगदंडाशी लग्न लावायला परवानगी दिली. हातात ना काठी ना तलवार, तरी आठशे वर्षं झाली, आख्खं सोलापूर सम्मती कट्ट्यावर तिच्या लग्नाच्या अक्षता टाकायला जमतंय. मागणं तिचं होतं ना. मला अॅनिमेवाल्यांकडून तेवढंच पाहिजे, पोरीला काहीतरी हवं असू द्या आणि त्याच्यामुळं गोष्ट हलू द्या.

आणि हे जिथं मिळतं ती सिरीज म्हणजे कारिन. लोक हिला कॉमेडी म्हणून सोडून देतात, माझ्याकडून हिला सगळ्यात जास्त मार्क. युना कागेसाकीचा मंगा, जे. सी. स्टाफचं अॅनिमे, 2005-06, 24 एपिसोड. कारिन माका व्हॅम्पायर घराण्यात जन्मली पण सगळं उलटं, तिला रक्त प्यायचं नसतं, तिच्या अंगात रक्त जास्त होतं, आणि ते दुसऱ्याला चावून त्याच्यात सोडायला लागतं नाहीतर नाकातून धो धो सुरू. घरचे दिवसभर झोपतात, ही उन्हात शाळेला जाते, सुटली की रेस्टॉरंटमध्ये पार्टटाइम. मग वर्गात येतो केंटा उसुई, गरीब, आईची नोकरी टिकत नाही, आणि दुःखी माणूस जवळ आला की कारिनचं रक्त वाढतं असा घोळ आहे. म्हणजे तो बेंचवर येऊन बसला की ही नाक दाबून वर्गाबाहेर पळणार. पोरगी वयात आली की घरात जे कुजबुजत बोलतात, पिशवीत काय लपवायचं, कपड्याला डाग तर नाही ना, ते सगळं ह्या नाकाच्या रक्तात आहे आणि ते एवढं हसत हसत दाखवलंय की मला आमची नववीतली शाळा आठवली.

कारिन रडकी आहे, घाबरट आहे, लहान बहीण अंजू तिच्यापेक्षा दहा पट डेंजर आहे. पण रडत रडत पोरगी करते काय बघा. केंटा खूश राहिला तर आपलं रक्त आटोक्यात राहील म्हणून ती त्याच्यासाठी डबा करून नेते. रोज! पहिल्यांदा स्वतःच्या सोयीसाठी, नंतर तो सगळा डबा संपवतो ते बघायला आवडतं म्हणून. आणि ज्यांना ती चावते ती माणसं उलट ताजीतवानी होऊन कामाला लागतात, केंटाची आईच घ्या. सगळी व्हॅम्पायर मंडळी घेतात आणि ही एकटी देते, आणि देऊन लाजते. हिच्या "नाही" ला किंमत आहे, "हो" ला पण आहे, गोष्ट तिच्याच मागं पळते. मधले काही एपिसोड भरताड आहेत, व्हॅम्पायर शिकारीचं पात्र आलं की कॉमेडी जरा चिल्लर होते, आणि जुन्या पद्धतीचे चावट जोक पण आहेत, ते लहान पोरांबरोबर बघताना अवघड होतं. तरी कारिनच.

ज्यांना तलवारच पाहिजे त्यांच्यासाठी ब्लड प्लस. प्रॉडक्शन आय. जी., ऑक्टोबर 2005 पासून वर्षभर, 50 एपिसोड, धीर धरून बघायचं काम आहे. साया ओकिनावात राहणारी शाळकरी मुलगी, उंच उडी मारते, खाते तर अशी की बघून आपल्याला भूक लागते, आणि आपण कोण हे तिला आठवत नाही. ती तलवारीच्या मुठीजवळच्या पात्यावर अंगठा कापून घेते, रक्त खाचेतून पुढं सरकत जातं आणि मगच वार करते, कारण तिचं रक्तच समोरच्या रक्त पिणाऱ्या राक्षसांना विष आहे. हा एवढासा हात मी कितीतरी वेळा मागं घेऊन बघितलाय. युकीची पण आठवण गेलेली आणि सायाची पण, पण सायाला आठवतं तेव्हा व्हिएतनाममध्ये आपल्या हातून काय झालं ते पण आठवतं, आणि ती ते दुसऱ्याच्या अंगावर ढकलत नाही. रोमान्स म्हणाल तर हाजी, कमी बोलणारा, पाठीवर चेलोची पेटी. फूल काढायला गेला, कड्यावरून पडला, मरताना सायानं आपलं रक्त पाजलं म्हणून जिवंत राहिला, त्याला विचारलं कुणी नव्हतं. म्हणजे इथं पोरीनं पोराचं आयुष्य न विचारता बदललंय आणि त्याचं ओझं पन्नास एपिसोड तिच्या डोक्यावर आहे. कानामेनं हेच केलं तर गुलाबाच्या पाकळ्या पडतात. फरक कळतोय ना?

केस स्टडी ऑफ व्हॅनिटासवर थोडंच लिहिते कारण ती मुळात दोन पोरांच्या मैत्रीची गोष्ट आहे. बोन्स स्टुडिओ, 2021-22, 24 एपिसोड, जुनं पॅरिस, चित्रं डोळे दिपवणारी. ह्यात हिरोईन जानच व्हॅम्पायर आहे, लाल लोखंडी पंजा घालून भिंती फोडते, आणि रक्त देणारा माणूस पुरुष. व्हॅनिटास पहिल्या भेटीत तिला न विचारता किस करतो तिथं माझे मार्क कापले गेले, त्याला गंमत म्हणून सोडायचं नाही. पण नंतर तो म्हणतो आपल्यावर प्रेम करणाऱ्या माणसात मला इंटरेस्ट नाही, तर ही बया त्याचा पिच्छा सोडवायला मुद्दाम प्रेमात पडल्याचं नाटक करते आणि डेटवर घेऊन जाते. नाटकाचं काय होतं ते तुम्हीच बघा. फक्त हिला लाजवायची एवढी हौस का असते ते कळत नाही, पंजा चालवणारी बाई दर दोन मिनिटाला टोमॅटो.

कुणी नवीन असेल तर कारिनपासून सुरू करा, मग व्हॅम्पायर नाईटचा पहिला सीझन, आवडला तर गिल्टी, आणि सुट्टीत ब्लड प्लस. सोबत शेंगा चटणी आणि कडक भाकरी ठेवा, चिप्सचं पाकीट दहा मिनिटात संपतं. डायबॉलिक शेवटी, तेही मैत्रिणी जमल्या असतील आणि सगळ्यांना मिळून ओरडायचं असेल तरच. त्याचा 2015 चा दुसरा सीझन बघायचा का म्हणून मावसबहिणीनं विचारलंय. त्यात मुकामी म्हणून अजून चार भाऊ येतात. सहा कमी पडत होते म्हणून.