कॅनन ५० एमएम १.८ एसटीएम: दोन पावलं मागे सरा
कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या किट लेन्सला कंटाळला असाल तर ही लेन्स बिनधास्त घ्या. झूम नाहीये, त्यामुळे आपणच मागेपुढे व्हायचं आणि तिथेच खरी गंमत कळते, फोनने हातभर अंतरावरून आजीचा फोटो काढला की नाक मोठं नि कान मागे गेलेले दिसतात, तेच क्रॉप बॉडीवर (म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ही लावून सात-आठ फुटांवरून काढा, चेहरा रोज बघतो तसाच येतो, नथीचे मोतीसुद्धा सुटे दिसतात. हा फरक अंतराचा हं, लेन्स फक्त लांबून फ्रेम भरून देते. लहान पोरांसाठी सरळ जमिनीवर बसा. ३५ सेंमीच्या आत फोकस होत नाही, स्टॅबिलायझेशन, म्हणजे हात हलला तरी फोटो सावरणारी सोय, नाही. वजन जेमतेम १६० ग्रॅम. छोट्या खोलीत मात्र पाठ भिंतीला टेकते, तिथे ग्रुप फोटो विसरा.