लोअर अँटिलोप कॅन्यन, ऑगस्टमध्ये: एक दिवस हातचा ठेवूनच जा

लोअर अँटिलोप कॅन्यन म्हणजे अमेरिकेतल्या ॲरिझोनातली, पाण्याने वालुकाश्मात कापलेली चिंचोळी घळ. ती पाहायला फिनिक्सहून साडेचार तास गाडी हाणून आम्ही जवळच्या पेज गावी मुक्कामी पोचलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टूर कंपनीचा मेसेज आला: आजच्या सगळ्या फेऱ्या रद्द. बाहेर लख्ख ऊन. बाबा म्हणाले, "अगं, वर ढगाचा ठिपका नाही, पाऊस कसला?" आम्ही तसेच काउंटरवर गेलो. तिथल्या बाईंनी वाद घातला नाही, फक्त दक्षिणेकडे हात केला. क्षितिजाला टेकलेला एक काळपट पट्टा होता. "पाणी तिथून येतं," त्या म्हणाल्या.

माझं माहेर संगमनेरचं. सांदण दरीत पावसाळ्यात उतरायचं नाही, हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक. पण तिथं पाऊस डोक्यावर कोसळत असतो, तो सांगावा लागत नाही. इथं डोक्यावर ऊन असतं आणि काही मैलांवर पडलेलं पाणी कोरड्या ओढ्यातून येऊन या चिंचोळ्या फटीत घुसतं. १२ ऑगस्ट १९९७ रोजी याच लोअर कॅन्यनमध्ये असंच पाणी आलं आणि ११ पर्यटक गेले. त्या वेळी शिड्या लाकडी होत्या, त्याही वाहून गेल्या. आता खडकात पक्क्या बसवलेल्या लोखंडी शिड्या आहेत, धोक्याचा भोंगा आहे, आणि नाव्हाहो (इथले मूळ रहिवासी, ही जमीन त्यांचीच) गाइडशिवाय कुणालाच आत सोडत नाहीत. हे वाचल्यावर बाबांनी परत रद्द झालेल्या फेरीचा विषय काढला नाही. पैसे परत किंवा दुसऱ्या दिवशीची जागा, दोन्ही पर्याय कंपनीने लगेच दिले. याचे पूर्ण गुण.

दुसऱ्या दिवशी सकाळी उतरलो. खाली वाळू अजून ओलसर होती, बोटाने दाबली तर ठसा राहायचा. भिंतींवर हात ठेवायच्या उंचीला वाळलेल्या गाळाची एक रेघ होती. गाइड विशीतला पोरगा, बोलायला अगदी शांत. त्याने टॉर्च वर मारला: आमच्या डोक्याच्या कितीतरी वर, दोन भिंतींच्या मध्ये एक ओंडका आडवा अडकलेला. "तो कुणी ठेवला नाही," एवढंच तो म्हणाला. आईने माझा दंड धरला तो पुढच्या वळणापर्यंत सोडला नाही.

हा नाव्हाहो वालुकाश्म म्हणजे सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वीच्या वाळूच्या टेकड्या. भिंतीजवळ डोळा नेला की वाऱ्याने रचलेले तिरके थर दिसतात, शंकरपाळ्याच्या पापुद्र्यांसारखे. आकार वाऱ्याने दिला असेल असं मला वाटत होतं. पण कापलंय ते मुख्यतः पुराच्या पाण्याने, सोबत आणलेल्या वाळूने घासून घासून. आणि काम चालूच आहे. प्रत्येक पूर तळाची वाळू काढतो नाहीतर भरतो. २००६च्या ऑक्टोबरअखेरच्या पुरानंतर लोअर कॅन्यन पाच महिने बंद होता. त्यामुळे तुमच्या ओळखीच्यांनी काढलेला फोटो आणि तुम्हाला दिसणारी जागा जुळेलच असं नाही.

लोअर वरून रुंद आणि खाली अरुंद, म्हणून उजेड भिंतीभिंतीवरून झिरपत खाली येतो: वर पिवळा, मध्ये केशरी, तळाशी जांभळा. वरून सरळ पडणारे प्रकाशाचे झोत हवे असतील तर अँटिलोपचाच दुसरा भाग, अप्पर कॅन्यन घ्या, उन्हाळ्यात, दुपारी बाराच्या आसपास. मला लोअरच आवडला.

तक्रार एकच, पण मोठी. बुकिंगच्या पानावर 'सोपी चाल' लिहिलं होतं. सुरुवातीचीच शिडी इतकी उभी आहे की आईला तोंड भिंतीकडे करून, एकेक पायरी चाचपत उतरावं लागलं, आणि मागची माणसं खोळंबली. गुडघे दुखणाऱ्यांसाठी ही टूर नाही, हे त्यांनी ठळक लिहायला हवं. गाइडने मात्र सगळी रांग थांबवून खालून तिच्या टाचेला हात लावून पायरी दाखवली. एक तारा कापते तो त्या पानासाठी, त्या पोरासाठी पाचही.

जुलै ते सप्टेंबर जाणार असाल तर पेजला दोन मुक्काम धरा आणि पहिल्या सकाळची फेरी घ्या. ढग बहुधा दुपारी जमतात. बॅगा आत नेऊ देत नाहीत. आणि घड्याळ तपासा: नाव्हाहो भागात उन्हाळ्यात वेळ एक तास पुढे असते, फोन मध्येच ती पकडतो, पण लोअरच्या फेऱ्या पेजच्या वेळेनेच सुटतात.