ह्यूस्टन, २००५: आधी माइक जोन्स ऐकावा की कमिलियनेअर?

अमेरिकेच्या दक्षिणेकडचे रॅप ऐकायला सुरुवात करायची असे ठरवल्यावर बहुतेक जण ॲटलांटाकडे वळतात. ते चुकीचे नाही, पण टेक्सासमधल्या ह्यूस्टनने २००५ या एका वर्षात जे दिले ते त्यामुळे मागे राहून जाते. त्या वर्षी एप्रिलमध्ये माइक जोन्सचा ‘हू इज माइक जोन्स?’ आला, जुलैमध्ये स्लिम थगचा, सप्टेंबरमध्ये पॉल वॉलचा आणि नोव्हेंबरमध्ये कमिलियनेअरचा ‘द साउंड ऑफ रिव्हेंज’. वर्षानुवर्षे गाडीच्या डिकीतून कॅसेटी आणि सीडी विकणाऱ्या या मुलांचे अल्बम आठ महिन्यांच्या आत मोठ्या कंपन्यांच्या शिक्क्यासह देशभरच्या दुकानांत पोहोचले. यांपैकी पहिला आणि शेवटचा, असे दोन पदार्पणाचे अल्बम मी इथे शेजारी ठेवतो आहे, कारण नव्या श्रोत्याची निवड प्रत्यक्षात या दोघांतच असते: एकात ते शहर जास्त ऐकू येते आणि दुसऱ्यात रॅपर.

दोघांचा उगम एकाच ठिकाणचा आहे. ह्यूस्टनच्या उत्तर भागात मायकेल ‘५०००’ वॉट्स या डीजेने उभी केलेली ‘स्विशाहाउस’ ही संस्था मिक्सटेप, म्हणजे मोठ्या कंपनीविना काढून हातोहात विकले जाणारे गाण्यांचे संग्रह, काढत असे आणि त्या मिक्सटेपवर हे दोघेही घडले. त्यांच्यामागे शहराच्या दक्षिण भागातल्या डीजे स्क्रूची सावली आहे. मूळ गाणे संथ करायचे, इतके की गायकाचा आवाज खर्जात उतरावा; मग एकाच तबकडीच्या दोन प्रती किंचित मागेपुढे चालवून शब्दांचे तुकडे पुन्हा पुन्हा समोर आणायचे, ही त्याची पद्धत. आपल्याकडच्या श्रोत्याला ती चटकन समजावी, कारण विलंबित लयीत एकाच शब्दाभोवती घोटाळत राहण्याची सवय आपल्या कानांना आधीपासून आहे. नोव्हेंबर २००० मध्ये डीजे स्क्रूचा मृत्यू झाला तेव्हा तो जेमतेम २९ वर्षांचा होता, आणि कोडीन या गुंगी आणणाऱ्या औषधाच्या ज्या सिरपची वर्णने ह्यूस्टनच्या गाण्यांत जागोजागी येतात, त्याचा या मृत्यूत वाटा होता. ही गाणी आवडीने ऐकणाऱ्याने एवढे ठाऊक ठेवूनच ती ऐकावीत असे मला मनापासून वाटते.

आता माइक जोन्स. त्याच्या अल्बमचे सगळ्यात मोठे बळ म्हणजे ‘स्टिल टिपिन’’ हे एक गाणे. पहिली तीस सेकंदे नीट ऐकावीत. रॉसिनीच्या ‘विल्यम टेल’च्या प्रस्तावना-संगीतातून घेतलेला व्हायोलिनचा एक छोटा तुकडा गोल फिरत राहतो, मुळात धावत्या घोड्यांची आठवण करून देणारे ते संगीत इथे प्रोड्यूसर, म्हणजे गाण्याचे संगीत रचणाऱ्या, सालिह विल्यम्सने इतके संथ केले आहे की रिकाम्या रस्त्यावर एखादी लांबलचक गाडी मुद्दाम सावकाश वळण घेते आहे असे वाटावे. त्यावर स्लिम थगच्या जुन्या ओळींचा संथ करून तुकडे पाडलेला आवाज ध्रुवपद म्हणून येतो, आणि श्रोत्याला कसलीही पूर्वकल्पना नसली तरी आपण कुठल्या तरी विशिष्ट गावात येऊन पोहोचलो आहोत हे कळते. गाण्यातले ‘फोर फोर्स’ म्हणजे १९८४ सालच्या कॅडिलॅकवरची, आरे बाहेर आलेली तारांची चाके. रंगाचे चकचकीत थर चढवलेली, डिकी उघडून आतले स्पीकर आणि दिवे मिरवणारी गाडी हा तिथल्या कष्टकरी कृष्णवर्णीय वस्त्यांचा अनेक वर्षांचा छंद आहे, आणि ‘स्टिल टिपिन’’ने तो शहराच्या वेशीबाहेर नेला.

या गाण्याची एक दुखरी बाजूही आहे आणि ती निवड करताना उपयोगी पडते. त्याच्या आधीच्या आवृत्तीत कमिलियनेअर होता. पुढे मने बिघडली आणि जी आवृत्ती जगभर गाजली तिच्यात त्याच्या जागी पॉल वॉल आला. म्हणजे एका अल्बमचे मुकुटमणी ठरलेले गाणे दुसऱ्या अल्बमच्या नायकाला वगळून उभे आहे, आणि ‘रिव्हेंज’ हा शब्द त्या दुसऱ्या अल्बमच्या नावात आहे. २००४ च्या ‘मिक्सटेप मसाया’ या तीन सीडींच्या संचात कमिलियनेअरने माइक जोन्सवर भरभरून तोंडसुख घेतले होते. अल्बममध्ये मात्र त्याने ते भांडण बरेचसे बाजूला ठेवले, आणि ते शहाणपणाचे ठरले.

माइक जोन्सचे दुसरे बळ म्हणजे त्याचा हट्ट. सुरुवातीच्या काळात तो क्लबमध्ये नाचणाऱ्या मुलींसाठी त्यांच्या नावांनिशी गाणी करून देत असे, म्हणजे गाणे आपोआप क्लबमध्ये वाजेल. स्वतःचा खरा फोन नंबर तो गाण्यांत सांगत असे आणि टी-शर्टांवर छापत असे. टोपणनाव न घेता आपले खरे, अगदी सामान्य नाव लावायचा सल्ला त्याला आजीने दिला होता, आणि अल्बममध्ये तिच्यासाठी ‘ग्रँडमा’ नावाचे गाणे आहे. ते मला या अल्बममधले सर्वांत सच्चे गाणे वाटते. एरवी छाती पुढे काढून बोलणारा हा माणूस तिथे नातू होतो, आवाजातला ताठा जातो आणि रचना साधी असूनही ती मनाला भिडते. ‘बॅक देन’ हे गाणे त्याच हट्टाचे दुसरे रूप: काल ज्यांनी ओळख दाखवली नाही तेच आज मागे लागले आहेत, एवढाच त्याचा आशय, पण संथ केलेल्या ध्रुवपदामुळे तो डोक्यातून जात नाही. अल्बम ‘बिलबोर्ड २००’ या अमेरिकेतल्या अल्बमांच्या खपाच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर दाखल झाला आणि पुढे प्लॅटिनम, म्हणजे दहा लाख प्रतींचा, ठरला, यात या हट्टाचा वाटा मोठा आहे.

पण याच हट्टातून अल्बमची सर्वांत मोठी उणीव निर्माण झाली आहे. आपल्या संतकवींनी आणि शाहिरांनी रचनेच्या शेवटी एकदा नाममुद्रा घातली आणि त्या एका उल्लेखाने पूर्ण रचनेवर सही झाली. माइक जोन्स ती सही दर दोन-चार ओळींनी करतो. एकट्या गाण्यात त्याची मौज वाटते, ‘कोण?’ या हाकेला श्रोताही नकळत उत्तर देऊ लागतो, पण तासाभराच्या अल्बममध्ये ती मौज सहाव्या-सातव्या गाण्यापर्यंत संपते. त्यात त्याला ओळच्या ओळ पुन्हा म्हणायची सवय आहे. काही ठिकाणी ती डीजे स्क्रूच्या तुकडे पाडण्याच्या पद्धतीची आठवण म्हणून शोभते आणि काही ठिकाणी सरळसरळ शब्द संपल्यासारखी वाटते. यमके अपेक्षित जागी पडतात. ‘स्टिल टिपिन’’मध्येसुद्धा आधी स्लिम थगचा जड, संथ आवाज लक्षात राहतो, मग पॉल वॉलचे मिस्कील कडवे, आणि ज्याचा अल्बम आहे तो लक्षात राहण्यात तिसरा येतो. बायकांविषयीची भाषा तर काही गाण्यांत इतकी हीन आहे की काळाचे किंवा प्रथेचे कारण देऊन मला ती सोडून देता येत नाही.

तरीही पाहुण्यांची निवड पाहिली की या अल्बमबद्दल आदर वाटतो. ‘फ्लॉसिन’’मध्ये बिग मो आहे, ‘नो व्हॉट आय एम सेइन’’मध्ये टेक्सासमधल्याच पोर्ट आर्थरचा बन बी आणि लिल कीकी आहेत. बिग मो आणि लिल कीकी हे दोघे दक्षिण भागातले, डीजे स्क्रूच्या वर्तुळातले. उत्तर भागातल्या मुलाने आपल्या पहिल्याच मोठ्या अल्बममध्ये त्यांना मानाने बोलावणे ही त्या शहरात साधी गोष्ट नव्हती. त्यातही बिग मोचा अर्धवट गाण्यासारखा, मधाळ आवाज ऐकण्यासारखा आहे. दोन वर्षांनी, २००७ मध्ये, तो गेला.

कमिलियनेअरकडे वळताच फरक पहिल्या मिनिटात कळतो. हकीम सेरिकी हे त्याचे खरे नाव. वडील नायजेरियन, आई आफ्रिकन-अमेरिकन, आणि वाढला ह्यूस्टनमध्ये. त्याच्याजवळ दोन गोष्टी आहेत ज्या माइक जोन्सकडे नाहीत: गाता गळा आणि श्वासावरचा ताबा. स्वतःची ध्रुवपदे तो स्वतःच गातो, त्यांवर स्वतःच्याच आवाजाचे दोन-तीन थर चढवतो, आणि कडव्यात शिरला की लय न बदलता शब्द दुगुनीत नेतो. यमक ओळीच्या शेवटी येऊन थांबत नाही, ते ओळीच्या पोटात तीन-तीनदा वाजते. २००२ मध्ये पॉल वॉलबरोबर त्याने ‘गेट या माइंड करेक्ट’ हा अल्बम केला होता, त्यामुळे एकट्याचे हे पदार्पण असले तरी त्यात नवखेपणा जवळजवळ नाही.

‘राइडिन’’ हे गाणे बहुतेकांनी कुठे ना कुठे ऐकलेले असते. २००६ मध्ये ते ‘हॉट १००’ या अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले आणि २००७ मध्ये त्याला ग्रॅमी मिळाले. ते इतके वाजले की त्याचा विषय काय आहे हे विसरायला झाले. विषय आहे तो पोलिसांनी गाडी अडवण्याचा: महागडी, सजवलेली गाडी चालवणारा तरुण कृष्णवर्णीय आहे, एवढ्यावरून मागे लागलेली पोलिसांची गाडी, काहीतरी सापडावे अशी त्यांची इच्छा, आणि आरशात त्यांच्याकडे पाहत चालवणाऱ्याने राखलेला थंडपणा. दुसऱ्या कडव्यात क्लीव्हलंडचा रॅपर क्रेझी बोन येतो आणि शब्दांची जी सरळ, सलग धार लावतो ती ऐकताना श्वास रोखला जातो. त्याच्यासमोर कमिलियनेअरचे कडवे तोकडे पडत नाही, यातच त्याची ताकद कळते.

नेमकी इथे तुलना सोपी होते, कारण माइक जोन्सच्या अल्बममध्येही ‘लॉज पट्रोलिंग’ नावाचे गाणे आहे आणि ह्यूस्टनच्या बोलीत ‘लॉज’ म्हणजे पोलीसच. विषय तोच, रस्तेही तेच. माइक जोन्स तो विषय गस्तीची खबर दिल्यासारखा मांडतो: ते फिरताहेत, सांभाळून राहा. कमिलियनेअर गाडीच्या आत बसवतो. एकाच्या बोलण्यात वस्ती ऐकू येते आणि दुसऱ्यात एका माणसाच्या छातीतली धडधड. दोन्ही गाणी लागोपाठ लावली तर कोणता अल्बम आधी घ्यावा याचा निर्णय पुष्कळांना तिथेच करता येईल.

‘द साउंड ऑफ रिव्हेंज’मधले दुसरे ऐकायलाच हवे असे गाणे ‘रेन’. त्यात स्कारफेस आहे, ज्याने नव्वदच्या दशकात ह्यूस्टनच्या रॅपला गंभीरपणा दिला. त्याचा थकलेला, जाड आवाज आला की मिरवणुकीची हवा एकदम शांत होते, आणि कमिलियनेअर त्याच्याशी स्पर्धा न करता आपलाही आवाज खाली आणतो. ज्येष्ठाबरोबर कसे गावे याची जाण पहिल्या अल्बममध्ये क्वचित दिसते. ‘सदर्न टेकओव्हर’मध्ये किलर माइक आणि पास्टर ट्रॉय हे जॉर्जियाचे दोघे आहेत, ते गाणे जोरकस आहे, पण मला पुन्हा लावावेसे वाटत नाही.

या अल्बमची उणीव त्याच्या महत्त्वाकांक्षेत आहे. मोठ्या कंपनीला रेडिओवर वाजणारी गाणी हवी होती आणि ती जागोजागी दिसतात. ‘टर्न इट अप’ला प्रोड्यूसर स्कॉट स्टॉर्चने बीट दिली आहे, ती चटपटीत आहे, तिथल्याच लिल फ्लिप या रॅपरमुळे तिला ह्यूस्टनचा शिक्काही मिळतो, तरी तशीच बीट त्या वर्षी कुठल्याही शहरातल्या गायकाच्या हाती पडू शकली असती. ‘ग्रोन अँड सेक्सी’ आणि ‘थिंक आय एम क्रेझी’ ही गाणी गुळगुळीत झाली आहेत. अल्बमच्या मध्यावर एकामागून एक वेगळ्या घाटाची गाणी येतात आणि आपण ह्यूस्टनमध्ये आहोत ही जाणीव पुसट होते. माइक जोन्सचा अल्बम कंटाळवाणा झाला तरी त्याचा पत्ता कधी बदलत नाही; कमिलियनेअरचा अल्बम क्वचित कंटाळा आणतो, पण मधूनमधून आपले गाव सोडून जातो.

माझे मत विचाराल तर एकच अल्बम पूर्ण ऐकणार असाल, तर ‘द साउंड ऑफ रिव्हेंज’ घ्यावा. त्यात उत्तम आणि सामान्य गाण्यांमधले अंतर कमी आहे, आणि रॅप ही शब्दकला म्हणून ज्यांना समजून घ्यायची आहे त्यांना त्यात पुन्हा पुन्हा परतण्याजोगे पुष्कळ मिळते. ज्यांना ध्वनीची ओढ आहे, म्हणजे विशिष्ट गावाची विशिष्ट लय ऐकायची आहे, त्यांनी माइक जोन्सपासून सुरुवात करावी, मात्र अल्बम सलग न ऐकता. ‘स्टिल टिपिन’’, ‘बॅक देन’, ‘फ्लॉसिन’’, ‘नो व्हॉट आय एम सेइन’’ आणि ‘ग्रँडमा’ ही पाच गाणी क्रमाने ऐकली की त्या अल्बमचे जे काही मोलाचे आहे ते जवळजवळ सगळे हाती येते. शुगर लँड किंवा केटीसारख्या ह्यूस्टनच्या उपनगरांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांतल्या मुलांना यातले रस्ते आणि गाड्या आधीच परिचयाच्या असतील. त्यांनी ‘स्टिल टिपिन’’ गाडीत, खर्ज वाढवून ऐकावे, कारण मोबाइलच्या स्पीकरवर त्या गाण्याचा खालचा अर्धा भाग ऐकूच येत नाही.

एक व्यावहारिक सूचना. शिव्या गाळलेली आवृत्ती शोधत असाल तर कमिलियनेअरचा अल्बम त्यात फारसे गमावत नाही, माइक जोन्सच्या गाण्यांत मात्र इतकी भगदाडे पडतात की लयच तुटते. आणि ‘चॉप्ड अँड स्क्रूड’, म्हणजे संथ केलेल्या आवृत्तीपासून कोणीही सुरुवात करू नये. आधी मूळ अल्बम कानात बसू द्यावा. मग स्वतः ‘स्विशाहाउस’च्या वॉट्सने संथ केलेला ‘हू इज माइक जोन्स?’ रात्री लावावा. मूळ अल्बममध्ये ज्या पुनरुक्तीने कंटाळा आणला होता, ती त्या लयीत अचानक आपल्या जागी बसलेली ऐकू येते.