सेन्सरच्या नावाखाली टायमर विकला, ५,७२,३०० रुपये गेले

भुताची गाडी, झपाटलेला वाडा, डायनासोरची गुहा असलं काही कोकणात चालवत असाल किंवा टाकायच्या विचारात असाल, तर पैसे देण्याआधी हे वाचा.

मालवण पट्ट्यात रस्त्याला लागून आमची भुताच्या गाडीची राइड आहे, अंधारात रुळावरून गाडी जाते आणि वाटेत भुतांचे देखावे उठतात. रूळ, गाड्या, हडळीचे पुतळे आम्ही स्वतः केले. फक्त आवाज, लाइट, धूर आणि हवेच्या सिलिंडरवर पुढे येणारा खविसाचा हात हे सगळं गाडी पोचेल तसं चालवणारी सिस्टीम बाहेरच्या माणसाकडून घेतली. किंमत ४,८५,०००, वर १८ टक्के जीएसटी ८७,३००. ॲडव्हान्स २,८६,१५०, माल निघताना १,७१,६९०, ट्रायल झाल्यावर १,१४,४६०. सगळे पैसे बँकेतून गेले, पावत्या आहेत.

कोटेशनमध्ये चक्क लिहिलं होतं: पीएलसी, म्हणजे सेन्सरचा सिग्नल घेऊन यंत्रं चालवणारा छोटा कॉम्प्युटर, आणि प्रत्येक देखाव्याआधी रुळाशी प्रॉक्झिमिटी सेन्सर. गाडीखालची लोखंडी पट्टी सेन्सरवरून गेली की तोच देखावा सुरू होणार. ह्या कामाची रीतच ती आहे. गाडीत चार मोठी माणसं बसली की ती हळू जाते, दोन पोरं बसली की पळते, संध्याकाळी व्होल्टेज पडलं की आणखी हळू. म्हणून घड्याळावर विसंबून चालत नाही, गाडी कुठे आहे ते कळावंच लागतं.

ट्रायलची रात्र आठवली की अजून डोकं फिरतं. तो माणूस कंट्रोलच्या डब्याशी उभा होता आणि आमच्या पोऱ्याला सांगत होता, "तीन, दोन, एक, सोडा." सेन्सर असेल तर गाडी कधीही सोडा, आकडे मोजायचं कारणच काय? तेव्हाच त्याचा हात धरून विचारायला हवं होतं. पण लाइट नुकतीच आली होती, त्याला रात्रीची बस गाठायची होती, आणि भाचीच्या अगदी शेजारी सांगाडा उठला, ती किंचाळली. सेन्सरजवळ पकड नेली तर त्यावरचा लाल दिवाही लागत होता. अशा वेळी कोण संशय घेईल? "दुसरी गाडी पण सोडू या," असं मी म्हटलं होतं, तर म्हणाला, "साहेब, व्होल्टेज कमी आहे, उद्या तुम्हीच बघा, काही फरक नाही." दुसऱ्या गाडीशिवाय शेवटचा हप्ता कुणीही देऊ नका. आणि गाडी रिकामी नको, भरलेली हवी.

सुट्टीची गर्दी सुरू झाली आणि सगळं उघडं पडलं. चाळिसाव्या सेकंदाला खविसाचा हात यायचा. भरलेली गाडी दहा टक्के जरी हळू गेली तरी त्या वेळी चार मीटर मागे असते. म्हणजे किंकाळी आधी होऊन जायची आणि हात परत आत जाताना गाडी शेजारी यायची. एका मुलाने हात बाहेर काढला होता, कोपराला खरचटलं. त्याच क्षणी मी राइड बंद केली. असा हलणारा हात असेल तर गाडी जागेवर नसताना हवेचा व्हॉल्व्ह उघडणारच नाही, अशी वेगळी अडवणूक मागून घ्या, लेखी.

आमच्या वायरमनने डबा उघडला. "ह्यो नुसतो टायमर आसा रे. सेन्सराची वायर खयच जोडलेली नाय." आत चार टायमर रिले आणि पेन ड्राइव्हवर गाणी वाजवणारी साधी सर्किटची पाटी. सेन्सरला तीन वायरी असतात. तपकिरी आणि निळी पॉवरची, त्या जोडलेल्या, म्हणून दिवा लागत होता. काळी वायर सिग्नलची. ती प्रत्येक सेन्सरची टेप गुंडाळून डब्यामागे कोंबलेली. हा विसरभोळेपणा नाही, ठरवून केलेली लबाडी आहे. डबासुद्धा आयपी ६५, म्हणजे धूळ-पाणी आत न शिरणारा, सांगून दिलेला, खाऱ्या हवेत झाकणाचे स्क्रू एवढ्यातच गंजले.

बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला तर नोंदणी रद्द झालेली. म्हणजे ८७,३०० रुपये सरकारच्या नावावर त्याने खिशात घातले. हा नंबर तपासायला पैसे लागत नाहीत, ॲडव्हान्सआधी तपासा.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस ठाण्यात सांगितलं, हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा. तो फोन उचलत नाही, पत्त्यावर दुसऱ्याचंच दुकान आहे, नोंदणी रद्द असताना कर घेतला, तरी दिवाणी! मग म्हणाले, पैसे जिथे पोचले तिथे तक्रार द्या. तिथले म्हणाले, माल जिथे बसवला तिथे द्या. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी माहिती घ्यायची आहे, हे मी वाचून दाखवलं, तर "तुम्ही वकील आहात का?" असं मलाच विचारलं! ग्राहक तक्रारीला गेलो तर धंद्यासाठी घेतलेली वस्तू म्हणून हात वर. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवायच्या धंद्याला त्यात सूट आहे, २०१९ च्या कायद्यातच लिहिलंय, पण खिडकीवरच्या माणसाला ते वाचायचं नव्हतं. बुडालेला माणूस मी, आणि कागद घेऊन दारोदार फिरायचं तेही मीच. प्रत्येक टेबलावर पहिला प्रश्न एकच, "एवढे पैसे दिलेच कशाला?" हे चोराला विचारा ना!

तक्रार आता पोस्टाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवली आहे, त्याच कलमाच्या चौथ्या पोटकलमाखाली. तिथेही दाद लागली नाही तर मॅजिस्ट्रेटकडे जाणार. डबा तसाच ठेवलाय, एक स्क्रूही हलवू देत नाही.

तुमच्याकडेही कुणी असा राखाडी डबा बसवून गेला असेल, तर आधी चालू राइडमध्ये एका सेन्सरची वायर काढा. देखावा तरीही वाजला, तर डबा उघडा, काळ्या वायरीचे फोटो काढा, व्हॉट्सॲपवरचं बोलणं सेव्ह करा, आणि मगच त्याला फोन करा.