शॅडोडार्क: तळघराबाहेर काढल्यावर

अंधारात उतरा, हाताला लागेल ते उचला आणि मशाल विझायच्या आत बाहेर पडा. शॅडोडार्कचे नियम एवढ्याचसाठी लिहिलेत आणि ते काम चोख करतात. केल्सी डिओन यांच्या ‘द आर्केन लायब्ररी’नं 2023 मध्ये हा टेबलाभोवती बसून, पात्रं घेऊन खेळायचा रोल-प्लेइंग खेळ आणला. मला तो हवा होता भलत्याच कामासाठी. मी चालवतो त्या कॅम्पेनमध्ये, म्हणजे अनेक बैठका चालणाऱ्या कथेत, दोन राजघराण्यांचं वैर आहे, समुद्रप्रवास आहेत, तह आहेत, तळघर मात्र क्वचितच. एकेका लढाईत अख्खं सेशन खाणाऱ्या नियमांना आमचं टेबल विटलं होतं, म्हणून हा प्रयोग.

बरंचसं जसंच्या तसं चालतं. सामानाचे स्लॉट म्हणजे तुमची ताकद किंवा दहा, जे जास्त असेल ते. वाळवंट ओलांडताना पाणी घ्यायचं की दोर, हा वाद त्यातून आपोआप पेटतो. स्पेल म्हणजे मंत्र टाकताना दरवेळी वीस बाजूंचा फासा; चुकला तर ती स्पेल विश्रांतीपर्यंत गेली. जादू कुठेही बेभरवशाचीच राहते, ते मला आवडतं. आणि लढाई नसतानाही सगळ्यांनी पाळीपाळीनंच खेळायचं, हा नियम तर दरबारात जास्त शोभतो. एरवी मुत्सद्देगिरी सुरू झाली की एकच बोलका खेळाडू तासभर बोलतो आणि बाकीचे फोनमध्ये. इथं योद्ध्याचीही पाळी येते, मग त्याला काहीतरी सुचावंच लागतं.

अडतं ते मशालीपाशी. शॅडोडार्कमध्ये मशाल खऱ्या घड्याळातला एक तास जळते आणि खेळाडूंच्या कुठल्याच वंशाला अंधारात दिसत नाही, राक्षसांना दिसतं. सगळा ताण यातूनच येतो. भर दुपारी बंदरावर उभं राहिलं की तो ताण गायब. शिवाय आठ तास झोप आणि एक शिधा, एवढ्यावर हिट पॉइंट (पात्राचा जीव मोजणारे गुण) आणि स्पेल दोन्ही पूर्ण परत येतात. तळघरात आठ तास झोपायची कुणाची छाती होत नाही, म्हणून तिथं हे चालतं. प्रवासात रोज रात्री झोपायचंच, मग दिवसातून एकदा भेटणाऱ्या लांडग्यांना कोण घाबरतं?

मी दोन बदल केले. पूर्ण विश्रांती फक्त छपराखाली, ओळखीच्या माणसांत. उघड्यावरच्या रात्रीत थोडे हिट पॉइंट आणि एखादी स्पेल, बस. दुसरा बदल म्हणजे तासाचा टायमर ठेवला, पण तो आता शत्रूचा. तास संपला की समोरचा पक्ष एक पाऊल पुढे टाकतो. तहाच्या बैठकीत आमचा चोर वकिलाशी जकातीवरून घासाघीस करत बसला होता, मोठ्या खुशीत. टायमर वाजला. वकील उठला, करारावर त्यानं आधीच शिक्का मारलाय, शेजारच्या राजाबरोबर. टेबलावर जी शांतता पसरली ती मशाल विझल्यावरच पसरते.

लेव्हल वाढण्याचा हिशोब खजिन्यावर. पुढच्या लेव्हलला सध्याच्या लेव्हलच्या दहापट गुण लागतात. साध्या खजिन्याला एक, अफाटला तीन, दंतकथेतल्याला दहा. राजकारणात हे असंच ठेवलं तर राजकन्येला वाचवण्याआधी पोरं चांदीची ताटं मोजतात. पण शपथा, गुपितं आणि आशीर्वाद हेही पुस्तक खजिन्यातच धरतं. माझ्या मते मोठी कॅम्पेन चालवायची असेल तर सगळ्यात कामाची पानं हीच, आणि ती मागे खजिन्याच्या प्रकरणात लपलीत. मी सोन्याचे गुण जवळजवळ बंद केले. सरदाराची शपथ तीन, सिंहासन उलटवणारं गुपित दहा. खेळाडूंची भूक तेवढीच राहिली, फक्त आता ते कपाटांऐवजी माणसं उघडतात.

जुन्या लोकांना हे सगळं ओळखीचं वाटेल. 1981 मध्ये डी अँड डीचा, म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या जुन्या रोल-प्लेइंग खेळाचा, बेसिक संच पहिल्या तीन लेव्हल तळघरात घालवायचा, रानावनाचे सविस्तर नियम त्याच वर्षी एक्स्पर्ट संचात आले. शॅडोडार्कमध्ये षटकोनी घरांच्या नकाशावर प्रवासाचे नियम आहेत, पण आटोपशीर. मुख्य पुस्तकात क्लास, म्हणजे पात्रांचे पेशे, तेही चारच: योद्धा, पुजारी, चोर, जादूगार. आणखी काही ‘कर्स्ड स्क्रोल’ या छोट्या पुस्तिकांत सापडतात. तिसऱ्या पुस्तिकेतला उत्तरेकडचा समुद्र मी सरळ उचलला.

सैन्याची लढाई मात्र यात ओढूनताणून बसवू नका. मी ती दुसऱ्या नियमांनी खेळतो आणि निकाल तेवढा इकडे आणतो. तुमच्या खेळाडूंना कॅरेक्टरची दहा पानी पूर्वकथा लिहायची हौस असेल तरीही जपून, कारण पहिल्या लेव्हलचा जादूगार एका गोब्लिनच्या फटक्यात आडवा होतो. नियमांची छोटी आवृत्ती असलेली क्विकस्टार्ट पीडीएफ मोफत मिळते. आधी त्यातून एक रात्र निव्वळ तळघरात खेळा, मग नियमांना हात लावा.